कोंबडीची पिशवी आणि आपला आमवात

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजन समितीनं मला 'पन्नाशीनंतरचं आरोग्य' असा विषय दिला होता. चाला, मीठ कमी करा, साखर तपासा, एवढं सांगून वीस मिनिटांत मोकळी झाले असते. पण आपल्या १९८४ च्या बॅचचा व्हॉट्सॲप गट मी रोज वाचते. तिथे सकाळी 'सुप्रभात'च्या पाठोपाठ कुणीतरी 'इम्युनिटी वाढवा'चा नवा नुस्खा टाकतं. त्याच गटातल्या काही जणी नंतर मला वेगळा मेसेज करून आपले रिपोर्ट पाठवतात. कुणाला आमवात आहे, कुणाला थायरॉइड, एकीच्या मुलीला ल्युपस. या सगळ्या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती आपल्याच माणसांवर चालून आलेली असते. तिला आणखी 'वाढवून' काय साधणार? म्हणून मी विषय बदलून मागितला. आज मी बी पेशी नावाच्या एका पेशीबद्दल बोलणार आहे. आजार म्हटलं की लोक घाबरतात, आणि पेशी म्हटलं की झोपतात, हे मला ठाऊक आहे. सर पहिल्या रांगेत बसलेत, तेव्हा झोपणाऱ्यांनी जरा जपून.

आपण कोकणातली मुलं, तेव्हा सापापासून सुरुवात करते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. फुरसं चावल्यावर तालुक्याच्या दवाखान्यात जी लस टोचतात ती खरं तर लस नव्हे. ती घोड्याच्या रक्तातून काढलेली असते. घोड्याला विषाचा अगदी थोडा डोस देतात, मग हळूहळू वाढवत नेतात. घोड्याचं शरीर त्या विषाला पकडणारी प्रथिनं बनवतं. त्यांना प्रतिपिंड म्हणतात, इंग्रजीत अँटिबॉडी. घोड्याच्या रक्तातला तो भाग वेगळा करून, शुद्ध करून कुपीत भरतात. मुंबईच्या हाफकिनचं नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो ते या कामासाठीही. म्हणजे चावला साप माणसाला, आणि त्याला वाचवतात त्या घोड्याच्या बी पेशी. ही उसनवारी फार दिवस टिकत नाही. घोड्याचे प्रतिपिंड काही दिवसांत, आठवड्यांत संपून जातात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा साप चावला तर पुन्हा कुपी लागते. धनुर्वाताची लस मात्र आपल्याच शरीराला प्रतिपिंड बनवायला शिकवते, म्हणून ती वर्षानुवर्षं पुरते. उसनं आणि स्वतः कमावलेलं यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

उसन्या प्रतिपिंडांची ही युक्ती १८९० ची. बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि जपानहून आलेले किटासाटो यांनी दाखवलं की धनुर्वाताला न जुमानणाऱ्या प्राण्याच्या रक्तातला पाण्यासारखा भाग दुसऱ्या प्राण्याला टोचला तर तोही वाचतो. घटसर्पावरचं औषध याच वाटेनं आलं, आणि १९०१ साली वैद्यकाचं पहिलं नोबेल बेरिंगला मिळालं. पण रक्तातली ही गोष्ट बनवतं कोण, हे पुढची पन्नास वर्षं नीट माहीत नव्हतं. १९४८ मध्ये स्वीडनच्या ॲस्ट्रिड फाग्रेयस या बाईंनी दाखवलं की प्लाझ्मा पेशी हे प्रतिपिंड तयार करतात. मग प्लाझ्मा पेशी कुठून येतात? इथे कोंबडीचा प्रवेश होतो.

कोंबडीच्या शेपटीच्या बाजूला, विष्ठा बाहेर पडते त्या जागेजवळ, एक छोटी पिशवी असते. इटलीतल्या पादुआचे शरीरशास्त्रज्ञ फाब्रिचियस यांनी तिचं वर्णन केलं, म्हणून तिला त्यांचं नाव. लॅटिनमध्ये पिशवीला बुर्सा म्हणतात. ती कशासाठी असते हे साडेतीनशे वर्षं कुणाला कळलं नव्हतं. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी कोंबड्यांवर काम करत होता. त्यानं पिल्लांची ती पिशवी कापून काढली. पिल्लं वाढली, काही बिघडलेलं दिसलं नाही. काही महिन्यांनी टिमोथी चँग नावाच्या त्याच्या मित्राला वर्गात मुलांना प्रात्यक्षिक दाखवायचं होतं, की जंतू टोचले की कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंड तयार होतात. त्यानं ग्लिककडच्या उरलेल्या कोंबड्या मागून नेल्या. प्रात्यक्षिक फसलं. प्रतिपिंड झालेच नाहीत. दोघांनी नोंदी तपासल्या, तर ज्यांची पिशवी काढली होती त्याच या कोंबड्या. आपल्या प्रयोगशाळेतलं प्रात्यक्षिक फसलं की आपण 'सर, केमिकल जुनं होतं' असं सांगून मोकळे व्हायचो. त्या दोघांनी प्रयोग पुन्हा नीट करून पाहिला. त्यांचा निबंध 'सायन्स' या मोठ्या नियतकालिकानं परत पाठवला, आणि १९५६ मध्ये तो 'पोल्ट्री सायन्स' या कोंबडीपालनाच्या नियतकालिकात छापून आला. डॉक्टर लोक कोंबडीपालन कशाला वाचतील? त्यामुळे बरीच वर्षं तो तिथेच पडून राहिला. पुढे १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की प्रतिकाराच्या पेशींची दोन वेगळी घराणी आहेत. एक छातीतल्या थायमस ग्रंथीत तयार होतं, ते टी. दुसरं बुर्सात तयार होतं, ते बी. बी पेशीतला 'बी' हा त्या कोंबडीच्या पिशवीचा. माणसाला ती पिशवी नसते, आपल्या बी पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत जन्माला येतात.

बी पेशी नसल्या तर काय होतं, याचं उत्तरही कोंबडीच्या चार वर्षं आधी मिळालेलं होतं, फक्त दोन्ही गोष्टींची गाठ पडली नव्हती. १९५२ मध्ये अमेरिकन लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रूटन यांच्याकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. न्यूमोनियाचे जंतू त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा पसरायचे. त्याचं रक्त तपासलं, तर प्रतिपिंड ज्या भागात असतात तो भागच नव्हता. ब्रूटननी दर महिन्याला इतरांच्या रक्तातून काढलेले प्रतिपिंड टोचायला सुरुवात केली आणि मुलाचे ते आजार थांबले. पुन्हा उसनवारी, पण या वेळी जन्मभराची. असे मुलगे आजही जन्मतात, आणि आईकडून येणाऱ्या एका जनुकातला हा दोष आता तपासता येतो. एखाद्या मुलाला वर्षात दोन-तीनदा न्यूमोनिया, सतत कान फुटणं, असं होत असेल तर 'अशक्त आहे, टॉनिक द्या' म्हणून गप्प बसू नका, त्याच्या रक्तातले प्रतिपिंड एकदा मोजून घ्या.

आता मूळ कोड्याकडे. जगात जंतू किती? मोजता येणार नाहीत. काही तर अजून जन्मालाही यायचे आहेत. मग प्रत्येकाला पकडणारा प्रतिपिंड आपल्याजवळ आधीपासून तयार कसा? एका प्रतिपिंडाला एक जनुक असा हिशेब धरला तर तेवढी जनुकं आपल्याकडे नाहीतच. हे कोडं सुसुमु टोनेगावा यांनी सोडवलं आणि १९८७ चं नोबेल मिळवलं. प्रत्येक बी पेशी तयार होताना आपल्या जनुकांचे काही तुकडे पत्त्यांसारखे पिसते. या गठ्ठ्यातला एक, त्या गठ्ठ्यातला एक, असे उचलून जोडते. शिवाय जोडताना सांध्यावर थोडी ओढाताण करते. म्हणून प्रत्येक पेशीचा प्रतिपिंड वेगळा. हे निव्वळ नशिबानं होतं, कुठला जंतू येणार आहे हे पेशीला ठाऊक नसतं. बहुतेक पेशींचा प्रतिपिंड आयुष्यभर कशालाच लागू पडत नाही आणि त्या तशाच मरून जातात.

एखादीचा मात्र लागू पडतो. मग ती वाढते. लहानपणी पायात काटा मोडून पिकला की जांघेत दुखरी गाठ यायची, आठवतं? घसा धरला की जबड्याखाली गाठ लागायची. त्या गाठींमध्ये जंतूला पकडू शकलेल्या बी पेशी भराभर दुप्पट होत असतात. वाढताना त्या आपल्या प्रतिपिंडात मुद्दाम बारीक बदल करतात, आणि ज्या पेशीची पकड जास्त घट्ट, तीच पुढच्या फेरीत जाते. काही आठवडे ही निवड चालते. या कामात त्यांना टी पेशींची परवानगी लागते, एकट्याच्या मर्जीनं हे होत नाही. शेवटी काही पेशी प्लाझ्मा पेशी होऊन मज्जेत जाऊन बसतात आणि सेकंदाला हजारोंच्या हिशेबानं प्रतिपिंड सोडत राहतात. काही आठवण ठेवून शांत फिरत राहतात. ही आठवण किती टिकते? २००८ मध्ये अमेरिकेत १९१८ च्या फ्लूच्या साथीतून वाचलेल्या ३२ वृद्धांचं रक्त तपासलं. त्यांची वयं ९१ ते १०१. नव्वद वर्षांनंतरही त्यांच्या रक्तात त्या विषाणूचे प्रतिपिंड होते. आपल्याकडे ज्या साथीनं गावंच्या गावं ओस पाडली, तीच ही साथ.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण ज्या यंत्रात पत्ते पिसून प्रतिपिंड बनतात, त्यात आपल्याच शरीराला पकडणारे प्रतिपिंडही बनणारच. आणि ते बनतात. न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी २००३ मध्ये निरोगी माणसांच्या मज्जेतल्या अगदी कोवळ्या बी पेशी तपासल्या, तर निम्म्याहून अधिक पेशी आपल्याच घटकांना चिकटणाऱ्या निघाल्या. निरोगी माणसांच्या, हे विसरू नका. मग आपण सगळे आजारी का नाही? कारण वाटेत चौक्या आहेत. मज्जेतच काही पेशी मारल्या जातात, काहींना पत्ते पुन्हा पिसायला लावतात, काहींना गप्प केलं जातं. बाहेर पडल्यावर पुन्हा तपासणी. तरीही थोड्या सुटून जातात आणि एरवी त्या काही करत नाहीत.

'आपलं' आणि 'परकं' ही रेघ किती विलक्षण असते, याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतलं आहे. १९५२ मध्ये केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना एक रक्तगट सापडला. सर्वांना चालतं असं आपण ज्याला म्हणतो ते ओ गटाचं रक्तही या माणसांना चालत नाही. ओ गटात असलेला एक साधा शर्करेचा घटक यांच्या पेशींवर नसतो, त्यामुळे यांच्या बी पेशींनी तो कधी 'आपला' म्हणून पाहिलेलाच नसतो, आणि त्याच्याविरुद्ध जन्मभर प्रतिपिंड तयार असतात. जगभर या गटाला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं. म्हणजे परकं काय हे वस्तूवर नाही, ती ओळखणारा कुठे वाढला यावर ठरतं.

आता मूळ मुद्द्यावर येते. आपल्या वर्गातल्या एका मैत्रिणीनं मला विचारलेला प्रश्न मी तिची परवानगी घेऊन इथे सांगते. तिला आमवात आहे, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं वळत नाहीत. ती म्हणाली, "माझंच शरीर माझ्यावर का उलटलं? माझं काय चुकलं?" घरातल्यांनी तिला याची उत्तरं आधीच देऊन ठेवली होती. थंड पाण्यात कपडे धुतलेस म्हणून, आंबट खाल्लंस म्हणून, बाळंतपणात विश्रांती घेतली नाहीस म्हणून.

यातलं काहीही कारण नाही. आमवातात बी पेशी दोन तऱ्हेचे प्रतिपिंड बनवतात, त्यांची नावं तुमच्या रिपोर्टवर असतात. एक आर. ए. फॅक्टर. हा गमतीचा आहे, तो प्रतिपिंडांविरुद्धचाच प्रतिपिंड असतो. दुसरा अँटी-सीसीपी. शरीरातली काही प्रथिनं दाह होताना रासायनिकदृष्ट्या थोडी बदलतात. त्या बदललेल्या रूपाला बी पेशी परकं समजते. सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात हा बदल जास्त होतो, आणि त्यांना आमवाताचा धोका जास्त असतो, हे पक्कं माहीत आहे. बाकी काही जनुकं, आणि बरंचसं नशीब. हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आमवात असेल तर दुसऱ्याला होण्याची शक्यता साधारण १५ टक्के असते. जनुकं सगळी सारखी, तरी शंभरात पंच्याऐंशी जण सुटतात. नेदरलँड्समध्ये रक्तदात्यांचे साठवलेले नमुने पुन्हा काढून पाहिले, तर ज्यांना पुढे आमवात झाला अशा कितीतरी जणांच्या रक्तात हे प्रतिपिंड आजाराच्या काही वर्षं आधीपासून होते. म्हणजे तिचा आजार ज्या बाळंतपणाच्या नावे मांडला गेला, त्याचा हिशेबच जुळत नाही.

याच्या उलट बाजूही सांगते, कारण हल्ली सत्तर तपासण्यांचं पॅकेज करून घ्यायची फॅशन आहे. आर. ए. फॅक्टर निरोगी म्हाताऱ्या माणसांतही सापडतो. क्षयरोगात सापडतो, कुष्ठरोगात सापडतो, हिपॅटायटिस सी मध्ये सापडतो. सांधा सुजलेला नसेल आणि नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह असेल तर तो आमवात नाही. आणि रिपोर्ट निगेटिव्ह असून आमवात असणारेही असतात. रिपोर्टवर उपचार करू नका, करू देऊ नका.

प्रतिपिंड खरोखर आजार करतो, की नुसता आजाराच्या जागी सापडतो, असा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतात. सर्वांत स्वच्छ उत्तर मायस्थेनिया या आजारात मिळतं. यात प्रतिपिंड मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला निरोप अडवतात. पापण्या मिटायला लागतात, चावताना जबडा दमतो. अशा आईच्या काही बाळांना जन्मतःच अशक्तपणा असतो, रडणं बारीक, दूध ओढता येत नाही. काही आठवड्यांत ते आपोआप बरं होतं. का? बाळाला स्वतःचा आजार नसतोच. आईचे प्रतिपिंड वारेतून त्याच्याकडे आलेले असतात, ते संपले की बाळ ठणठणीत. गोवरापासून पहिले काही महिने बाळाचं रक्षण करणारे आईचे प्रतिपिंडही याच दारानं येतात. दाराला आत येणाऱ्याचा स्वभाव कळत नाही.

ल्युपसचं थोडक्यात सांगते. यात बी पेशी पेशीकेंद्रातल्या घटकांविरुद्ध, अगदी डीएनएविरुद्धसुद्धा, प्रतिपिंड बनवतात. दहातल्या नऊ रुग्ण बायका, बहुतेक तरुण. सांधे दुखतात, केस जातात, गालांवर चट्टा येतो, आणि गुपचूप मूत्रपिंड बिघडतं. लग्न ठरत नाही म्हणून आजार लपवला जातो आणि लग्नानंतर औषध लपवून, मग बंद करून टाकलं जातं. अशा मुली मी पाहिल्या आहेत, त्यातल्या काही आज डायलिसिसवर आहेत. ज्यांच्या घरात अशी मुलगी आहे, त्यांनी औषध उघड्यावर, देवघराशेजारच्या फडताळात ठेवावं.

त्या मैत्रिणीकडे परत येते, कारण तिच्या बाबतीत जे घडलं ते इथल्या कितीतरी घरांत घडतंय. कुणीतरी तिला सांधेदुखीच्या पुड्या आणून दिल्या. कागदावर नाव नाही, घटक नाहीत. आठ दिवसांत बोटं वळायला लागली. घरात सगळे खूश. दोन वर्षांत तिचा चेहरा गोल झाला, साखर वाढली, पाठीचा मणका खचला. आठ दिवसांत आमवात हटवणाऱ्या निनावी पुडीत बहुधा स्टेरॉइड असतं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, मी स्वतः देते, पण किती आणि किती दिवस हे ठाऊक असावं लागतं. एक धोक्याची गोष्ट: अशी पुडी खूप दिवस घेतली असेल तर एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबलेलं असतं, माणूस कोसळू शकतो. डॉक्टरला पुडी दाखवा आणि हळूहळू उतरवा.

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं जुनं, स्वस्त आणि चांगलं औषध. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ते चुकून रोज घेतलं गेलं तर तोंड सोलून निघतं, रक्तपेशी घटतात, जीवही जातो. आपल्या आईवडिलांच्या गोळ्या भरणाऱ्यांनी आजच घरी फोन करून वार लिहून ठेवायला सांगा.

यानं भागलं नाही तर पुढचं औषध काय, तिथे बी पेशीची गोष्ट पुन्हा येते. १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टीन यांनी एकाच तऱ्हेचा प्रतिपिंड हवा तेवढा बनवायची युक्ती शोधली. त्यातून बी पेशींच्या अंगावरची सीडी-२० नावाची खूण पकडणारा प्रतिपिंड तयार झाला, रिटुक्सिमॅब. बी पेशी मारायला बी पेशीचंच हत्यार. अमेरिकेत १९९७ मध्ये तो लिंफोमा या कर्करोगासाठी मंजूर झाला. लंडनचे जोनाथन एडवर्ड्स यांना वाटत होतं की आमवातही बी पेशींच्या स्वतःला पोसत राहणाऱ्या चक्रातून चालतो. तेव्हा बहुतेकांचं मत होतं की आमवात हे टी पेशींचं काम. त्यांनी पाच रुग्णांना ते देऊन पाहिलं, पाचही सुधारले. २००४ मध्ये मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, २००६ मध्ये मंजुरी आली. २००७ पासून आपल्याकडे भारतीय कंपनीनं बनवलेलं मिळू लागलं, म्हणून सामान्य माणसाचा हात तिथवर जरा तरी पोचतो.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. प्रतिपिंड सोडणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर सीडी-२० नसतं, त्यामुळे या औषधानं त्या मरत नाहीत. रक्तातले एकूण प्रतिपिंड फारसे घटत नाहीत. तरी रुग्ण सुधारतो. म्हणजे बी पेशी हा नुसता प्रतिपिंडाचा कारखाना नव्हे. ती टी पेशींना 'हे बघ, शत्रू' असं दाखवून चिथावते, दाह वाढवणारी रसायनं सोडते. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्येही हेच दिसलं, आणि २०१७ मध्ये त्यासाठीही असं औषध आलं.

पण बी पेशी पुसून टाकायच्या म्हणजे फुकटचा सौदा नाही. दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन सलाइन, आणि मग सहा महिने किंवा जास्त काळ नवीन जंतूची ओळख करून घ्यायला माणूस दुबळा. कोविडमध्ये आम्ही हे डोळ्यांनी पाहिलं. रिटुक्सिमॅब घेतलेल्यांत लसीनं प्रतिपिंड नीट तयार झाले नाहीत, आणि आजारही जास्त जोरात झाला. म्हणून हे औषध सुरू करायच्या आधी न्यूमोनिया आणि फ्लूच्या लसी घेऊन टाकायच्या, शक्य तर महिनाभर आधी. आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झाल्याशिवाय पहिलं सलाइन लावून घ्यायचं नाही. यकृतात झोपलेला तो विषाणू या औषधानं जागा होऊन जीव घेऊ शकतो. डॉक्टर विसरले तर तुम्ही विचारा. विचारल्याचा राग येणाऱ्या डॉक्टरकडे जाऊ नका.

काढ्यांबद्दल विचारणार हे मला ठाऊक आहे. आलं, तुळस, हळद घातलेला चहा खुशाल प्या. पण ज्यांना स्वयंप्रतिकाराचा आजार आहे त्यांनी 'इम्युनिटी बूस्टर' म्हणून महिनोन्महिने काही घेऊ नये. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर हरकत घेतली. वाद वाद्यांनी घालावा, आमवात किंवा ल्युपस असलेल्यांनी तोवर लांब राहावं, हे माझं मत.

शेवटी एक बातमी, कारण ल्युपस असलेल्या मुलीच्या आईनं मला काल रात्री शेकोटीपाशी हेच विचारलं. जर्मनीत एर्लांगेनला गेओर्ग शेट आणि त्यांच्या चमूनं २०२१ मध्ये ल्युपस असलेल्या वीस वर्षांच्या मुलीवर एक वेगळा उपचार केला. तिच्याच टी पेशी बाहेर काढल्या, बी पेशी ओळखून मारायला त्यांना शिकवलं आणि परत दिल्या. अंगातल्या बी पेशी जवळजवळ साफ झाल्या. काही महिन्यांनी मज्जेतून नव्या, कोऱ्या बी पेशी आल्या, पण आजार परतला नाही, आणि औषधंही बंद झाली. २०२४ मध्ये अशा पंधरा रुग्णांचा अहवाल आला. जणू पाटी पुसून पुन्हा श्री गणेशा. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून याच जातीचा उपचार तयार केला आहे, त्याला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, पण ती बी पेशींच्या कर्करोगांसाठी. ल्युपससाठी हा आज घरी मागवण्याचा उपचार नाही. पंधरा रुग्ण आणि थोडी वर्षं, एवढ्यावर मी कुणाच्या मुलीला शब्द देणार नाही. तिला मी एवढंच सांगितलं की मुलगी बावीस वर्षांची आहे, तिचं मूत्रपिंड आज शाबूत आहे, आणि ते रोजच्या साध्या गोळीनं पुढची दहा वर्षं शाबूत ठेवलं तर हा उपचार तिच्यापर्यंत पोचायला वेळ मिळेल.

समितीचे लोक घड्याळ दाखवताहेत, आणि घावण्यांचा वास इथपर्यंत आलाय. मी जेवणानंतर ग्रंथालयाच्या खोलीत बसणार आहे. ज्यांना दाखवायचं आहे त्यांनी मोबाइलवरचे फोटो नकोत, कागदी रिपोर्ट आणावेत, आणि घरी जे काही घेता त्या सगळ्याची पिशवी आणावी. गोळ्या, काढे, आणि त्या बिननावाच्या पुड्यासुद्धा. मी कुणाला ओरडणार नाही.